माळ्यावरचे आठ ओहम

लेबल वाचायचं नाही, मीटर लावायचा. अप्पांच्या दुकानात नियम म्हणावा असा हा एकच होता आणि तो त्यांनी आपल्या मुलीच्या डोक्यात ती नऊ वर्षांची असल्यापासून ठोकून बसवला होता. जळका, फाटका स्पीकर दुकानात येतो तेव्हा त्याच्या पाठीवर, मॅग्नेटवर, कारखान्याचं लेबल असतं. आठ ओहम, चार ओहम, काय असेल ते. पण मधल्या वर्षांत तो कुणाकुणाच्या हाताखालून गेला, आतली तांब्याच्या तारेची कॉइल कुणी काढली आणि कितीची भरली, याचा त्या लेबलाला पत्ता नसतो. कारखान्यातून निघताना जे बोललं तेच ते मरेपर्यंत बोलत राहतं. "आपल्या नातेवाइकांसारखं," अप्पा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ओहम म्हणजे काय हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. अँप, म्हणजे अँप्लिफायर, हा दारवान समज आणि स्पीकर हे दार. आठचं दार अरुंद, चारचं रुंद, दोनचं म्हणजे सताड उघडं. ओहम जेवढे कमी तेवढी गर्दी जास्त घुसणार, आणि चेंगरून मरणार तो दारवान, दाराला काही होत नाही. कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत, दोन स्पीकर शेजारीशेजारी जोडले की ओहम निम्मे होतात. आठ-आठचे दोन लावलेस तर अँपला चार दिसतात, तेवढं तो सोसतो. चार-चारचे दोन लावलेस तर दोन. मग त्याच्या नावाने अंघोळ करायची.

मुलीला घरात आणि दुकानात डावरी म्हणत. ती डावखुरी होती, एवढंच कारण. कागदोपत्री तिला चांगलं नाव होतं, पण ते आईलासुद्धा आठवून सांगावं लागे. तिच्या पंधराव्या वर्षी अप्पांनी तिला कॉइल गुंडाळायच्या मशीनवर बसवलं. मशीन म्हणजे एका बाजूला मूठ असलेली चरखी. मूठ उजव्या हाताने फिरवायची आणि डाव्या बोटांतून केसाएवढी तार सोडत जायची. डावरीचं सगळं उलटं. अप्पांनी दोन वर्षं तिच्याकडून उजव्या हाताने मूठ फिरवून घेतली. डावा हात मुठीकडे गेला की बोटांवर फूटपट्टी. दोन वर्षांत तिच्या हातून एकही कॉइल अशी उतरली नाही की जिचे वेढे सरळ बसलेत. शेवटी एके सकाळी अप्पांनी चरखी टेबलावरून उचलली, उलटी फिरवून ठेवली आणि म्हणाले, फिरव कशी फिरवायची तशी. आठवडाभरात ती दिवसाला त्यांच्याइतक्या कॉइल उतरवायला लागली. फक्त तिच्या कॉइलचे वेढे उलट्या दिशेने जात आणि शेवटची तार उजवीकडून निघायच्या ऐवजी डावीकडून निघे. समोरचा कागदी कोन चिकटवून वर मधोमध टोपी बसली की तेही कुणाला दिसत नसे.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी तिला सोडलं नाही. नवी कॉइल भरली की स्पीकरच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, आतल्या अंगाला, पेन्सिलीने आकडा घालायचा. हा अप्पांचा शिक्का. त्यांचा आठ म्हणजे घराचं छप्पर, एक पाख लांब. त्यांच्या चारची शेपटी खाली जाऊन वर वळलेली, मांजर रागावल्यावर वळते तशी. हा आकडा डावरीने उजव्या हाताने आणि हुबेहूब त्यांच्यासारखा काढायचा. का, तर पोरीने भरलेली कॉइल आहे हे कळलं तर लोक स्पीकर दुरुस्तीला टाकणार नाहीत. तिने वहीची पानंच्या पानं शेपट्या गिरवल्या. तीन महिन्यांनी कोणता आकडा कुणाचा हे अप्पांना स्वतःलाही सांगता येईना, आणि त्या दिवशी ते तिच्यावर जेवढे खूश झाले तेवढे पुन्हा कधी झाले नाहीत.

आता ती चौतीस वर्षांची होती. गेली सहा वर्षं अप्पांच्या हाताला कंप होता आणि डोळ्यांपुढे पडदा. दुकानातलं काम सगळं डावरी करी, प्लायवूडच्या आडोशामागे बसून. अप्पा पुढे गल्ल्यावर. गिऱ्हाईक वाजवून बघे, खूश होई आणि म्हणे, काका, काय हात आहे तुमचा. आणि काका तो थरथरता हात काउंटरखाली मांडीवर दाबून धरत म्हणत, असतो एकेकाचा.

सहा वर्षं. डावरी आडोशामागून ऐकायची. पहिल्या वर्षी राग आला, दुसऱ्या वर्षी सवय झाली, मग रागाचीही सवय झाली.

आणि मग एका सोमवारी लंबू आला. लंबू बास गिटार वाजवायचा. मोठमोठ्या सभागृहांत ज्यांची तिकिटं संपतात अशा बँडमध्ये होता, आणि उंची अशी की दुकानात शिरताना त्याला शटरला नमस्कार करावा लागे. त्याने बास कॅबिनेट आणून काउंटरवर ठेवलं. दहा-दहा इंची दोन स्पीकर, एकाचा कोन फाटलेला, दुसऱ्याची कॉइल घासत होती. अप्पांनी नेहमीसारखी बोटाच्या टोकाने कोनावर टिचकी मारली, मान हलवली आणि शुक्रवार सांगितला. लंबू घुटमळला. मग म्हणाला, "काका, राग मानू नका. पण हे ताईंनीच करावं असं मला वाटतं."

त्याच्या बँडमधला ड्रमवाला चार महिन्यांपूर्वी येऊन गेला होता. तेव्हा अप्पा दवाखान्यात होते आणि आडोसा बाजूला सरकवलेला होता. ड्रमवाल्याने डावरीला काम करताना तासभर बघितलं होतं आणि जाऊन सगळ्या बँडला सांगितलं होतं. लंबूने हेही सांगितलं की बँडची अजून सहा कॅबिनेट आहेत, सगळीच थकलीत. हे एक नीट झालं की ती सहाही ताईंकडे.

अप्पा मोठ्याने हसले. घ्या, म्हणाले, म्हातारा निघाला निकालात. डावरी आडोशाबाहेर आली तेव्हा ते हसतच होते, पण काउंटरवर टिचक्या मारणं चालू होतं. लंबूने पावतीवर बोट ठेवलं. काम कोण करणार, तेही लिहा, म्हणाला. डावरीने पेन घेतलं आणि कागदोपत्री असलेलं ते नाव लिहिलं. सहा वर्षांत या दुकानातून बाहेर जाणाऱ्या कागदावर ते पहिल्यांदा उतरत होतं. लिहून झाल्यावर तिने ते एकदा वाचूनही बघितलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.

त्या रात्री जेवताना अप्पांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. आईने भाजी वाढली, नको म्हणाले. आई म्हणाली, डावरे, त्यांच्यासमोर कशाला लिहिलंस, मागून लिहायचंस. डावरी म्हणाली, मागूनच लिहीत आलेय.

मंगळवारी तिने दोन्ही कॉइल भरल्या. आठ-आठच्या. मीटर लावला, साडेसहा आणि साडेसहा. आठचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहाच दाखवतो आणि चारचा तीनच्या थोडा वर, हे दुकानात सगळ्यांना, म्हणजे दोघांना, पाठ होतं. बुधवारी संध्याकाळी नवे कोन चिकटवले. तो गोंद दीड दिवस हात लावू देत नाही. शुक्रवारी दुपारी टोप्या बसवायच्या, संध्याकाळी कॅबिनेट द्यायचं आणि शनिवारी लंबूचा कार्यक्रम. गणित चोख होतं. गुरुवारी ती टोप्या आणायला बाजारात गेली. हव्या त्या मापाच्या मिळेनात म्हणून तीन दुकानं फिरली आणि यायला चार तास लागले.

त्या चार तासांत काय झालं ते तिने नंतर तुकडे जोडून काढलं. काही आईने सांगितलं, काही सांगायची गरज नव्हती. अप्पांनी स्टूल मागितलं. आईने ते धरलं. ते माळ्यावर चढले, ज्या माणसाला जिन्याची पायरी चाचपावी लागते तो. तिथे दोन दहा इंची स्पीकर होते, अठरा वर्षांपासून कापडात बांधलेले. जाहिरातीच्या गाडीवर वाजवायला कुणीतरी भरून मागितले होते आणि तो माणूस पुन्हा फिरकलाच नव्हता. अप्पांनी ते खाली काढले, फुंकर मारली, लेबलावरचा ठळक छापील आकडा डोळ्यांजवळ नेला. आठ. दोन्हीवर आठ. लंबूच्या कॅबिनेटमध्ये ते बसवायला त्यांना अडीच तास लागले. सोल्डरिंगचा एक चटका अंगठ्यावर, एक मांडीवर. आई म्हणाली, थांबा, ती येईल. ते म्हणाले, ती येईल म्हणूनच.

मीटर टेबलावर हाताच्या अंतरावर पडला होता. अप्पांनी तो लावला नाही. स्वतः भरलेल्या कॉइलला कोण मीटर लावतो? आणि लावला असता तरी त्यावरचा बारीक आकडा त्यांना दिसला नसता. दिसत नाही हे कबूल करायला आईखेरीज तिथे कुणी नव्हतं, आणि आईसमोर तर ते मुळीच कबूल करणार नव्हते.

मग त्यांनी लंबूला फोन करून बोलावलं. एक दिवस आधी तयार आहे म्हणून सांगितलं.

डावरी परत आली तेव्हा टेबलावर तिने चिकटवलेले दोन स्पीकर तसेच होते, गोंद अजून ओला, आणि कॅबिनेट नव्हतं. अप्पा गल्ल्यावर अंगठ्याला मलम लावत बसले होते.

"दिलं," ते म्हणाले. "माळ्यावरचे टाकले. आठचेच आहेत."

"मीटर लावलात?"

"माझ्या हातचे आहेत ते."

तिने लंबूला फोन लावला. वाजत राहिला. तालीम चालू असणार, आणि तालमीत आपल्याच आवाजापुढे माणसाला काही ऐकू येत नाही. तिने सहा वेळा लावला. मग निरोप ठेवला की कॅबिनेट वाजवू नका, मला एकदा बघू द्या. निरोप त्याने वाचला तेव्हा उशीर झालेला होता.

शुक्रवारी सकाळी लंबू शटरखालून वाकून आत आला. एका हातात कॅबिनेट आणि दुसऱ्या हातात अँप. अँपचा जळका वास त्याच्याआधी आत आला. वीस मिनिटं छान वाजलं, म्हणाला, मग आवाज चिरला, मग धूर. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो डावरीकडे बघून शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही केलंय म्हणून मी न तपासता लावलं."

डावरीला आधी कळेचना. मी केलेलं नाही, ती म्हणाली. लंबूने अप्पांकडे बघितलं. काल नेताना त्याने विचारलं होतं, ताईंनीच केलं ना? आणि अप्पा म्हणाले होते, हो हो, तिनेच.

हे का म्हणाले असतील ते डावरीला तिथल्या तिथे उमगलं. येत्या सोमवारी लंबू येऊन म्हणणार होता, ताई, कमाल केलीत. मग अप्पा काउंटरवर दोन टिचक्या मारून सांगणार होते की बाबा रे, ते माझं होतं. सगळ्या बँडला कळणार होतं. चार दिवसांची थट्टा होती ती. आता थट्टेचा धूर झाला होता आणि अप्पा पावतीकडे बघत बसले होते. पावतीवर नाव तिचं होतं.

डावरीने कॅबिनेट टेबलावर घेतलं, मागच्या टोकांना मीटर लावला आणि लंबूसमोर धरला. एक पूर्णांक सात. तीनच्या वर हवं होतं. म्हणजे आत चार-चारचे दोन आहेत आणि तुमच्या अँपला दोन ओहम दिसत होते. तिने स्क्रू काढले, एक स्पीकर बाहेर घेतला. लेबलावर आठ, मीटरवर तीन पूर्णांक चार. सांगाड्याच्या आतल्या अंगावर धूळ होती, ती तिने अंगठ्याने पुसली. खाली पेन्सिलीचा चार, शेपटी वर वळलेली.

"हे अप्पांचं अक्षर," ती म्हणाली. "अठरा वर्षांपूर्वी त्यांनी चारच्या भरल्या आणि विसरले. काल मी बाजारात होते. तुमचे स्पीकर ते बघा, गोंद अजून वाळतोय."

टेबलावर ते दोन होतेच, नवे कोरे. लंबूने ते बघितले. मग अप्पांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात अजून आदर होता. पिकल्या केसांचा म्हणून काही हिशेब असतो लोकांच्या मनात.

अप्पा म्हणाले, "वेळेत होईना म्हणून हिनेच माळ्यावरचे टाकले. अक्षराचं काय, ती माझ्यासारखंच काढते. लिहून दाखव त्यांना."

डावरीने लिहिलं नाही. अप्पांनी काउंटरखालून तिची जुनी वही काढली. सोळाव्या वर्षाची, पानंच्या पानं शेपट्यांची. ही वही त्यांनी जपून ठेवली होती हे तिला तोपर्यंत माहीतही नव्हतं. आदल्या दिवशी कळलं असतं तर तिला रडू आलं असतं, निराळ्या कारणाने. लंबूने वहीतला चार बघितला, सांगाड्यावरचा चार बघितला आणि दोन्ही शेजारी धरले.

मग डावरीने ब्लेड घेतलं. हा स्पीकर दुकानाचा आहे, तुमचा नाही, असं लंबूला सांगून तिने टोपी कडेने कापली आणि झाकण उचलावं तशी उचलली. आत कॉइल दिसली. तिने ती खिडकीजवळ नेली.

आणि क्षणभर ती सगळं विसरली. काय कॉइल होती. एकाशेजारी एक वेढा, कंगव्याच्या दातांसारखा, कुठे फट नाही, कुठे चढ नाही, अठरा वर्षांनी तांब्याला अजून मधाचा रंग. हे अप्पांचं भरातलं काम होतं. असं काम तिला आजही जमत नव्हतं. जमेल असं वाटत होतं, चाळिशीपर्यंत.

तार उजवीकडून निघाली होती. तिने टेबलावरचा आपला स्पीकर शेजारी ठेवला. त्याला अजून टोपी नव्हती आणि त्यातली तार डावीकडून निघालेली. मी डावखुरी आहे, तिने लंबूला सांगितलं. माझी कॉइल अशी जाते, त्यांची तशी. हे आंधळ्यालाही बोटाने कळेल. लंबूने दोन्ही बघितलं. फरक त्याला दिसला. तो अप्पांकडे वळला आणि त्याने जे करायला नको होतं ते केलं. त्याने आरोपीलाच न्यायाधीश केलं.

"काका, तुम्हीच सांगा. कुणाची आहे ही?"

अप्पांनी स्पीकर जवळ घेतला. डोळ्यांना लावला, पण बघितला बोटाने. तर्जनीचं टोक वेढ्यांवरून फिरलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि हाताचा कंप तेवढ्यापुरता थांबला. डावरीने त्यांचा चेहरा बघितला. ओळख पटली होती. स्वतःचं तरुणपण माणूस बोटाने ओळखतो. ती वाट बघत राहिली. तिला अजून वाटत होतं की एवढं देखणं काम कुणी नाकारत नाही.

"हिला दोन वर्षं मीच उजव्या हाताने मूठ फिरवायला लावली होती," अप्पा म्हणाले. "तेव्हाची आहे ही. हिचीच."

आडोशाजवळ आई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. स्टूल तिने धरलं होतं. डावरीने तिच्याकडे बघितलं तशी ती चहा ठेवायला आत गेली. दुपारी ती म्हणणार होती की त्यांचं वय झालंय, तुझं काय जातंय. आणि डावरी म्हणणार होती की होतं तेवढं सगळं.

लंबूला दोष द्यायचा तरी किती. त्याला शनिवारचा कार्यक्रम होता, अँप उसना मागायला जायचं होतं, आणि एका घरातलं भांडण त्याच्या अंगावर सांडत होतं. वही खरी होती. फूटपट्टीची दोन वर्षं खरी होती. तिने मांडलेला एकेक पुरावा म्हाताऱ्याने अठरा वर्षांपूर्वीच आपल्या बाजूने करून ठेवला होता, तेही नकळत, मुलीला शिकवता शिकवता. लंबू म्हणाला, तुमचं घरातलं तुम्ही बघा. मग पावती मागितली, खिशातून पेन काढलं आणि तिच्या नावावर एक रेघ ओढली. काही वाईट मनात ठेवून नव्हे, कागद दुरुस्त करावा तसं. वर लिहिलं, काका.

"सहा कॅबिनेट बुधवारी पाठवतो," तो म्हणाला. "या भागात दुसरं कुणी कोन बदलत नाही, जाऊ कुठे. पण तुम्ही स्वतः करायचं काका. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही द्यायचं."

"मी स्वतः," अप्पा म्हणाले.

शुक्रवारी दुपारी डावरीने टोप्या बसवल्या, संध्याकाळी तिचे आठ-आठचे दोन स्पीकर कॅबिनेटमध्ये चढले. मीटरवर तीन पूर्णांक तीन. तिने ते का केलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सुरू केलेलं काम होतं. शनिवारी कॅबिनेट उसन्या अँपवर तीन तास वाजलं, आणि रविवारी लंबूचा फोन आला. बास पोटात घुमत होता, काका, म्हणाला, काय हात आहे तुमचा.

अप्पा म्हणाले, असतो एकेकाचा. डावरी तेव्हा समोरच बसली होती. आता तिला आडोसाही लागत नव्हता.

बुधवारी सहा कॅबिनेट आली. हमालाने भिंतीशी रचली, दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. अप्पांनी त्यातलं एक आडोशामागे टेबलावर ठेवून घेतलं, स्क्रू काढण्याचं हत्यार शेजारी ठेवलं, तारेचं रीळ ठेवलं आणि पुढे जाऊन गल्ल्यावर बसले. दर वेळी असंच असायचं. ते मांडून ठेवायचे आणि ती यायची.

डावरी आली. टेबलाजवळची आपली खुर्ची तिने उचलली, दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन ठेवली आणि बसली. हातात चहाचा कप.

अकरा वाजले. अप्पांनी आतून आवाज दिला की काम पडलंय. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही असं ठरलंय ना. ते हसले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी डावरे म्हणून नाही, तिच्या कागदोपत्री नावाने. ते त्यांच्या तोंडून ऐकायला चौतीस वर्षं लागली होती आणि आता ते लाच म्हणून आलं होतं. तिने चहा प्यायला.

आई दोनदा येऊन गेली. एकदा रडून बघितलं, एकदा रागावून.

बारानंतर अप्पा उठले. आडोशामागे गेले. चरखी अजून उलटीच ठेवलेली होती, डाव्या हातासाठी, ती त्यांनी उचलून सरळ केली. तार लावताना पहिली तुटली. दुसऱ्यांदा आठ-दहा वेढे बसले, मग हात हलला, वेढा वेढ्यावर चढला आणि तार तुटली. तिसऱ्यांदा तार भोकातच जाईना. डावरीला बघावं लागत नव्हतं. तार तुटल्याचा आवाज एवढासाच असतो, नखाने नख मोडावं तसा, आणि तो तिला झोपेतही कळला असता. पाचव्या की सहाव्या वेळी तिची डावी बोटं आपोआप हलली. तिने ती कपाभोवती घट्ट धरली.

मग स्क्रू निघाल्याचा आवाज. मग पावलं. अप्पा दाराशी आले. एका हातात कॅबिनेटमधून काढलेला स्पीकर, जुनाच, डागडुजी करून तसाच चालवून द्यायचा असावा, आणि दुसऱ्या हातात मीटर, तारा स्पीकरला चिमट्यांनी अडकवलेल्या. मीटर त्यांनी तिच्यापुढे धरला. त्यावरचा आकडा थरथरत होता कारण हात थरथरत होता.

"किती दाखवतोय ते सांग फक्त," ते म्हणाले. "बाकी मी बघतो."

तिने मीटरकडे बघितलं. आकडा स्वच्छ होता. मग तिने स्पीकर त्यांच्या हातात उलटा केला, मॅग्नेटची बाजू वर आणली आणि त्यांचं बोट धरून लेबलावर ठेवलं.

"इथे आठ लिहिलंय, अप्पा," ती म्हणाली आणि रिकामा कप धुवायला उठली.